पडवीतून बावीकडे गेलं की आईचा कॉल तुटतो. कुठली सेटिंग बघू?

चिऱ्याचं_घर
आई राजापूर तालुक्यात एकटी राहते, मी ठाण्यात. घर चिऱ्याचं, भिंती जाड, आत रेंज नाहीच. म्हणून गेल्या गणपतीत ब्रॉडबँड घेतलं आणि वायफाय कॉलिंग चालू केलं. घरात आवाज स्वच्छ. पण बोलता बोलता ती मागच्या पडवीतून बावीकडे निघाली की १५-२० पावलांत कॉल तुटतो. तिथूनच पुन्हा लावला तर लागतो! तिला बीपीचा त्रास आहे. मधेच तुटलं की माझ्या पोटात गोळा येतो. फोन अँड्रॉइड, दोन सिमचा.

ड्राइव्हटेस्ट
बावीपाशी कॉल लावताना वर फोरजी राहतं की ‘ई’ (म्हणजे टूजी) येतं, तेवढं बघायला सांगा.

चिऱ्याचं_घर
शेजारच्या मुलाने पाहिलं. कॉल लावला की फोरजी जाऊन ‘ई’ येतं, रिंग जायलाही वेळ लागतो.

ड्राइव्हटेस्ट
मग त्या सिमचं व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच आवाजाचा कॉल नेणारी सोय, बंद आहे. वायफाय कॉल आणि व्होल्टी दोन्ही कंपनीच्या आयएमएस यंत्रणेतूनच जातात, त्यामुळे चालू कॉल एकावरून दुसऱ्यावर सरकतो. व्होल्टी नसेल तर फोरजीवर आवाजाला वाटच नाही. नवा कॉल लावताना फोन आधी टूजीवर उतरतो, त्याला सीएस फॉलबॅक म्हणतात. वायफायवर चालू असलेला कॉल मात्र सहसा थेट टूजीवर नेता येत नाही, तो तुटतो. सिमच्या सेटिंगमध्ये ‘फोरजी कॉलिंग’ चालू करा. दोन्ही सिमना वेगवेगळं असतं, आई वापरते तेच बघा.

रात्रपाळी
एक कळकळीने सांगतो. कुणी *#*#४६३६#*#* दाबून ‘एलटीई ओन्ली’ (फक्त फोरजी) करायला सांगेल, ते करू नका. नेट जरा बरं वाटतं, पण फोरजी संपलं की खाली उतरायला पायरीच राहत नाही. जिओचं वेगळं, त्यांनी २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच टूजी-थ्रीजीशिवाय. तुमच्या सिमला टूजी आहे, तर नेटवर्क ऑटोवरच राहू दे.

चिऱ्याचं_घर
दुसऱ्या सिमचं चालू होतं, आईच्या सिमचं बंद! चालू केलं. आज संध्याकाळी ती बोलत बोलत बावीपर्यंत गेली, कळशी टेकवल्याचा आवाजसुद्धा ऐकला मी. फक्त पुढे आगरात उतरल्यावर आवाज क्षणभर थांबला आणि मग कोंदल्यासारखा झाला. तुटला नाही. अजून काही चुकतंय का?

ड्राइव्हटेस्ट
नाही, उलट बरोबर चाललंय. तिथे फोरजी संपलं आणि टॉवरने चालू कॉल टूजीवर उतरवला. यालाच एसआरव्हीसीसी म्हणतात. व्होल्टीचा आवाज साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो, टूजीचा ३०० ते ३४०० एवढाच, म्हणून कोंदट वाटतो. कॉल संपला की फोन आपोआप फोरजीवर परत येईल. आता सेटिंगला हात लावू नका.

चिऱ्याचं_घर
नाही लावत. कोंदट चालेल, आई ऐकू येतेय.