यकृत प्रत्यारोपणानंतर मुलीच्या रक्तात सीएमव्ही: टॅक्रोलिमसचा डोस कमी करणे सुरक्षित आहे का?

प्रश्न (एक आई, नाशिक)
बिलिअरी अट्रेसियामुळे (पित्तनलिका बंद असण्याचा बालपणातील आजार) माझ्या मुलीचे यकृत प्रत्यारोपण झाले. यकृताचा भाग मीच दिला. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाचा ठरलेला कोर्स संपल्यावर केलेल्या पीसीआर तपासणीत (रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजणारी) सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा आकडा वाढलेला आला आहे. मुलीला ताप नाही, जुलाब नाहीत, ती नीट जेवते, खेळते. तरीही डॉक्टरांनी तेच औषध पुन्हा सुरू करून टॅक्रोलिमसचा (शरीराने यकृत नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) डोस थोडा कमी करायला सांगितले आहे. त्यामुळे तिचे शरीर यकृत नाकारणार तर नाही ना, ही भीती मनातून जात नाही.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)
ताई, भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू सुप्तावस्थेत असतो. दात्याच्या यकृताबरोबर तो मुलाकडे येतो आणि ज्या मुलाला त्याचा संसर्ग पूर्वी झालेला नाही, त्याच्यात सर्वाधिक जोर धरतो. औषध थांबल्यावर काही मुलांत तो पुन्हा डोके वर काढतो. लक्षणांची वाट पाहिली, तर आतडी, फुप्फुसे किंवा नवे यकृतच त्याच्या तडाख्यात सापडू शकते. म्हणून मूल ठणठणीत दिसत असतानाच उपचार सुरू करतात. वाढू दिलेला सीएमव्ही स्वतःच यकृत नाकारले जाण्याचा धोका वाढवतो, हेही लक्षात घ्यावे. डोस कमी केल्यावर टॅक्रोलिमसची पातळी आणि यकृताच्या तपासण्या वरचेवर होतील. घरच्या घरी मात्र त्यात कोणताही बदल करू नये. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, त्यामुळे सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवू नये. पीसीआर शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

उत्तर (एक बाबा, पुणे)
आमच्या मुलाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी घरी कुटू नका. तिची पूड त्वचेला लागणे घातक असते आणि घरात कोणी गरोदर असेल, तर विशेष जपावे लागते. लहान मुलांसाठी द्रवरूप औषधाची सोय डॉक्टरांना विचारा. जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी कळवा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढते.

प्रश्नकर्ती
आपले मनापासून आभार. धाकट्या मुलाला पल्स पोलिओचे थेंब द्यावेत का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)
थेंबांमधील जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलीपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे धाकट्याला इंजेक्शनची पोलिओ लस द्यावी आणि बूथवर तसे सांगावे. गोवर आणि कांजिण्यांची लस मात्र त्याला अवश्य द्यावी. मुलीला जिवंत लस प्रत्यारोपण पथकाला विचारल्याशिवाय देऊ नये.