मदत हवी आहे: फोरॅम म्हणतात पाणी ३३ अंश!

नमस्कार मंडळी. ताळगावच्या पठारावर एम.एस्सी. करतोय. गोव्यासमोरच्या समुद्रतळातला एक कोअर (गाळाचा उभा नळीसारखा नमुना) प्रबंधासाठी मिळालाय. (आई विचारते, एवढा चिखल चिवडतोस, चार तिसऱ्या तरी आण.)

त्यातून ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर या फोरॅमची (म्हणजे समुद्रातल्या कवचवाल्या एकपेशीय जीवाची) पांढरी कवचं वेचली, २५० ते ३५० मायक्रॉनची. गुलाबी रुबर आपल्याकडून साधारण १,२०,००० वर्षांपूर्वीच नाहीशी झाली, त्यामुळे तो घोळ नाही. पाणी जितकं गरम, तितकं कवचात मॅग्नेशियम जास्त. वरच्या थरांत मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर ५ मिलीमोल प्रति मोलच्या आसपास, म्हणजे २८-२९ अंश. छान. पण ४० सेंमीखालच्या चार नमुन्यांत ते एकदम ७.४! तापमान काढायचं ०.३८ आणि ०.०९ वालं नेहमीचं समीकरण लावलं की ३३ अंश येतात.

कवचांतल्या ऑक्सिजनचे समस्थानिक मात्र ढिम्म. पाणी साडेचार अंशांनी तापलं असतं तर ऑक्सिजन-१८ साधारण १ प्रति हजाराने उतरायला हवा होता. तो उतरला नाही, म्हणजे समुद्र तेवढाच खारटही झाला असं धरावं लागेल. मांडवी-जुवारी पावसाळाभर गोडं पाणी ओततात, तिथे हे पटत नाही.

संशय कवचांत अडकलेल्या मातीवर आहे (तिच्यातही मॅग्नेशियम असतं), तो गाळ तांबूसच दिसतो. पण प्रत्येक नमुन्याची आता एकदाच पुरतील एवढीच कवचं उरलीत. ती खर्च करण्याआधी खात्री कशी करू? सफाई अशी केली: अल्ट्रासोनिकमध्ये पाणी, मग मिथेनॉल, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. चुरा वाहून जाईल या भीतीने कवचं फोडली नाहीत.

खाजण:
तुझं उत्तर तुझ्याच शेवटच्या वाक्यात आहे रे! न फोडता कप्प्यांतली माती निघणार कशी? आणि खात्रीसाठी नवं कवच कशाला? त्याच मोजणीत लोह आणि ॲल्युमिनियम असेल, ते बघ. लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर ०.१च्या वर गेलं तर माती समज. मँगनीजही तपास. ते जास्त असेल तर कवचावर लेप बसलाय. त्याला हायड्राझीनची पायरी लागते, पण ती कवचही थोडं खाते आणि मॅग्नेशियम उतरवते. म्हणून सरसकट नको.

धागाकर्ता:
लोह मोजलेलं होतं, मी रकाना उघडलाच नव्हता! चारही ०.१च्या वर, वरचे सगळे नगण्य. मँगनीज सगळीकडे सारखंच. फोडताना पीठ होऊ नये म्हणून काय करू?

खाजण:
दोन काचपट्ट्यांमध्ये धरून सूक्ष्मदर्शकाखाली हलकेच दाब. कप्पे उघडले की थांब.