ऑर्व्हिएतोचं कॅथीड्रल फ्रेममध्ये बसवताना

इटलीतल्या ऑर्व्हिएतो गावाचं कॅथीड्रल फोटोत मावत नाही म्हणून वाइड लेन्स घ्यावी का, असं विचारलंत. मी तरी त्यासाठी पैसे घालणार नाही. समोरचा चौक अरुंद, त्यामुळे कॅमेरा वर करावाच लागतो आणि मग शिखरं मागे कललेली दिसतात. त्यापेक्षा तोर्रे देल मोरो या मनोऱ्यावर चढा (पायऱ्या भरपूर आहेत, गुडघ्यांना विचारून). तिथून दर्शनी भाग तिरपा दिसतो आणि बाजूच्या भिंतीवरचे बसाल्ट-ट्रॅव्हर्टाइन दगडांचे काळे-पांढरे पट्टेही फ्रेममध्ये येतात. समोरून बहुतेक जण हे पट्टे विसरूनच जातात.

दर्शनी भाग नैर्ऋत्येला आहे, म्हणजे सकाळी तो सावलीत. संध्याकाळचं ऊन पडलं की सोनेरी मोझेक असे काही पेटतात की एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं लागतं. खालच्या खांबांवरची संगमरवरी शिल्पं मात्र जवळ जाऊन टिपा. आदमच्या बरगडीतून ईव्ह बाहेर येतानाचा प्रसंग तर चुकवूच नका. उठाव कमी आहे, तिरप्या उन्हातच तो खुलतो.

याच सहलीत टस्कनीतल्या वाल दोर्चा खोऱ्याची हिरवी शेतं हवी असतील तर एप्रिल-मे गाठा. जुलैत कापणी झाल्यावर सगळं पिवळं-तपकिरी होतं. मला तेच जास्त आवडतं, पण कॅलेंडरवाले फोटो हवे असतील तर निराशा होईल. आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या गावांच्या वेशीवरची 'झेडटीएल'ची (म्हणजे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी असलेल्या भागाची) पाटी नीट बघा. आत शिरलात की तिथला कॅमेरा तुमचा फोटो काढतो आणि दंड घरपोच येतो!