मदत हवी आहे: देशी झाडं लावली, पण जगत नाहीत

मुरमाड
मागच्या जूनमध्ये पाच देशी झाडं लावली होती. तीन मेली, एक पिवळं पडतंय, एकच बरं आहे. जिथे तिथे वाचतो की देशी झाडांना काही करावं लागत नाही, लावा आणि विसरा. मी तर विसरलोही नाही. रोज पाणी, वर शेणखत. तरी ही गत. रविवारी पुन्हा रोपं आणायला जातोय. दहा-पंधरा नावं सांगा, बास. फुलपाखरं यायला हवीत, मुलीला दाखवायची आहेत. बोन्सायवाल्यांनी कृपया लांब राहावं.

गच्चीराणी
गाव कोणतं? जागा किती? ऊन किती तास? आणि मेली ती झाडं कोणती?

मुरमाड
घरामागे जागा आहे. ऊन आहे. सुरंगी, सीताअशोक आणि नागकेशर गेली. सोनचाफा पिवळा. बकुळ ठीक. आता नावं सांगा.

गोठेवाला
जीवामृत घाला. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, वडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा. माझी मेलेली डाळिंबं उठली.

रानभूल
मेलेली उठली नसतील हो काका, मरायला टेकलेली असतील. आणि घरामागे २०० लिटर कुठे ओतायचं? मुरमाडराव, गाव सांगा. रोपं आणलीत कुठून?

मुरमाड
नगर. रोपं मे महिन्यात कोकणात गेलो होतो तिथून आणली, गाडीच्या डिकीतून. गावाचा काय संबंध? सगळी देशीच आहेत ना?

परसदार
अहिल्यानगर म्हणा. २०२४ पासून.

रानभूल
म्हणा की काहीही, पाऊस तेवढाच पडतो! सुरंगी सिंधुदुर्गातली. तिकडच्या बायका तिचे वळेसर माळतात, ती दमट हवेतली बाई. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तुमच्याकडे सहाशेच्या आसपास. सीताअशोक ओढ्याकाठच्या सावलीतला. त्याला नगरच्या एप्रिलमध्ये उघड्यावर उभं केलंत. देशी म्हणजे तुमच्या माळावरचं. अख्ख्या भारतातलं कुठलंही, असं नव्हे.

परसदार
एवढं कडक नको. माझ्याकडे संभाजीनगरला सोनचाफा वीस वर्षांचा आहे. तुम्ही सीताफळ लावा. बिनपाण्याचं आणि शंभर टक्के आपलं. दौलताबादच्या डोंगरात रानोमाळ उगवतं.

रानभूल
सीताफळ अमेरिका खंडातून आलं. पेरू, पपई, मिरची, झेंडू हेही तिकडचेच. चिंच आफ्रिकेची.

परसदार
मग दसऱ्याला तोरण कशाचं बांधू? आणि आमटीत काय घालू?

गच्चीराणी
आमसूल! आणि दसऱ्याचं म्हणाल तर बाजारात आपटा म्हणून निम्मा कांचनच विकतात. खरा आपटा लावायचा असेल तर नगरकडे छान जगतो.

एडिसनकर
नमस्कार, न्यू जर्सीहून. कढीपत्ता ऑक्टोबरमध्ये घरात घेतो, डिसेंबरपर्यंत सगळी पानं गळतात. सासूबाई म्हणतात ताक घाल. काय करावं?

गच्चीराणी
एडिसनकर, नवा धागा काढा ना. (थंडीत तो झोपतो. पाणी कमी करा, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, मार्चमध्ये शेंडा खुडा. ताक सासूबाईंना द्या.)

मुरमाड
लोकहो, रविवार जवळ येतोय.

खोदकाम
उशिरा वाचतोय. एक विचारू? सोनचाफ्याचं पिवळं पान कसं दिसतं? पूर्ण पिवळं, की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? कोवळी पानं आधी की जुनी? आणि पाणी कुठलं घालता?

मुरमाड
शिरा हिरव्या. कोवळी आधी. पाणी बोअरचं. बादलीला पांढरा थर बसतो, पण ते सगळ्यांकडेच बसतं इथे.

खोदकाम
चुना जास्त झाला की झाडाला लोह उचलता येत नाही. क्षाराचं पाणी हे एक कारण, पण मला दुसराच संशय आहे. घर नवीन आहे का? नावांचं बाजूला ठेवा. मेलेल्या झाडाच्या जागी दीड फूट खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि किती वेळात उतरतं ते बघा. खोदताना काय लागतं तेही लिहा.

गोठेवाला
खड्ड्यात जीवामृत ओतलं तर दोन्ही कामं होतील.

मुरमाड
खोदलं. रो-हाऊस आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलं. वर सहा इंच लाल माती, छान भुसभुशीत. तिच्याखाली पहार ठण्ण वाजली. प्लॅस्टरची ढेपळं, फरशीचे तुकडे, वायर आणि एक अख्खी सिमेंटची गोणी, तशीच गोठलेली. मुलगी म्हणाली बाबा, दगडाची उशी. सुरंगीची मुळं त्या गोणीवर आडवी पसरली होती, खाली गेलीच नव्हती. काळी पडलेली, बोटात धरली की साल निसटून हातात येत होती. संध्याकाळी सातला दुसऱ्यांदा पाणी भरलं. सकाळी सहाला चार बोटं उतरलेलं, वर एक मेलेला मुंगळा तरंगत होता.

खोदकाम
मिळालं उत्तर. बिल्डरने राडारोडा पुरून वर लाल माती पसरली. सिमेंट-प्लॅस्टरचा चुना मातीत उतरतोय आणि पाण्याला खाली वाट नाही. रोज घातलेल्या पाण्यात मुळं कुजली. वरून पानं मलूल दिसली की माणूस आणखी पाणी घालतो. नगरच्या उन्हाने मेली असतीलही, पण इथे तरी आधी बुडाली.

रानभूल
मान्य. मी उन्हाला दोष देत बसलो.

परसदार
म्हणजे सोनचाफ्याबद्दल मी बरोबर होतो.

मुरमाड
मग आता सगळं उकरू? जागा १२ बाय २० फूट. जेसीबी बोळातून येत नाही.

खोदकाम
सगळं नको. झाड लावायचं तिथेच तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा, राडा बाहेर, आत शेतातली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम. खाली मूळ जमीन लागेपर्यंत जा, नाहीतर खड्ड्याची टाकी होईल. बाकी ठिकाणी दोन फूट उंच वाफे बांधा. सोनचाफा हलवू नका. त्याला पावसाचं साठवलेलं पाणी द्या. आणि रविवारी काही आणू नका.

गच्चीराणी
जागा एवढीच असेल तर मोठं झाड एकच. बहावा, कंपाउंडपासून जमेल तितका लांब. पिवळी-पांढरी फुलपाखरं त्याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतात. बाकी अडुळसा, निर्गुडी, तरवड. तरवडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही आणि फुलं बघावी तर हळदीच्या रंगाची. वाफ्यात कढीपत्ता आणि कागदी लिंबू. त्यांच्यावरची अळी आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, ती झटकून टाकू नका. मोठी झाली की हिरवीगार होते. मुलीला तीच दाखवा. राज्य फुलपाखरू नीलवंतसुद्धा लिंबाच्याच जातकुळीवर वाढतं, पण नगरला येईलच असं सांगत नाही. रुईवर पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या येतात, फक्त चीक मुलीच्या डोळ्यात जाता कामा नये. आणि पहिल्या दिवशी विचारलं होतं ते अजून कळलेलं नाही. ऊन किती तास?

मुरमाड
अकरा ते चार. मागच्या भिंतीला पांढरा रंग आहे, दुपारी तिच्याकडे बघवत नाही. हे महत्त्वाचं होतं का?

गच्चीराणी
अहो!!! मग कढीपत्ता भिंतीपासून लांब, आणि भिंतीवर आधी गुळवेल चढवा. फांदी कुठेही मिळेल, विकत घेऊ नका.

मुरमाड
बरं. रविवारी पहार घेऊन मेव्हण्याला बोलावलंय. बकुळ का जगली मग?

खोदकाम
ती कुठे लावलीय?

मुरमाड
कुंडीत.