म्हणे शिर्डी 'भक्तांच्या ताब्यात' द्या!

वाळकीकर
चार दिवस झाले सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. 'सरकारने शिर्डी गिळली, साईंच्या हुंडीवर राजकारण्यांचा डल्ला, संस्थान भक्तांच्या ताब्यात द्या, एका दिवसात घोटाळे बंद.' आधी दुर्लक्ष केलं, पण आज आमच्या साडूंनी पण 'विचार करायला लावणारी पोस्ट' म्हणून पाठवली, आता लिहितोच.

पहिली गोष्ट, हुंडीवर डल्ला वगैरे पडत नाही हो. हुंडी ठरलेल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर, बँकेची माणसं बसवून मोजतात. चिल्लर तर एवढी येते की बँकाच म्हणाल्या आता ठेवायला जागा नाही, 2023 ला सगळ्या पेपरात होतं. मोजताना कुणी दोन नोटा खिशात घातल्याच तर तो पकडला जातो आणि त्याची बातमी होते. खरा खेळ हुंडीचं कुलूप उघडायच्या कितीतरी आधी झालेला असतो, विश्वस्त मंडळ नेमताना.

2004 च्या कायद्याने मंडळ राज्य सरकार नेमतं. आता 2021 आठवा. महाविकास आघाडीत ठरलं काय, तर शिर्डी राष्ट्रवादीला, पंढरपूर काँग्रेसला, सिद्धिविनायक सेनेकडे होतंच. महामंडळं वाटतात तशी देवस्थानं वाटली आणि कुणाला त्याची लाजही वाटली नाही. सप्टेंबरात कोपरगावचे आमदार आशुतोष काळे अध्यक्ष झाले आणि वर्षभरात औरंगाबाद खंडपीठाने आख्खं मंडळ घरी पाठवलं. 2012 ला पण कोर्टानेच मंडळ घालवलं होतं. भाजपवाल्यांनी दात काढू नयेत, 2018 मध्ये त्यांच्या सरकारने नेमलेल्या सुरेश हावरेंच्या मंडळानेच निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी सरकारला 500 कोटी द्यायचं ठरवलं, तेही बिनव्याजी.

माझं म्हणणं एवढंच, की ठराव कुणी मांडला, विरोध कुणी केला, पैसे परत कधी येणार हे दान टाकणाऱ्याला कळतच नाही. कळलंच तर कुणीतरी याचिका टाकल्यावर, पेपरातून. आणि 'भक्तांचा ताबा' म्हणाल तर भक्त निवडणार कसे? गावातला जो दूध संघात, तोच सोसायटीत, तोच पतसंस्थेत. गळ्यात उपरणं घातलं की झाला भक्त.

धर्मो_रक्षति
वा, म्हणजे सरकार खातंय हे पण मान्य आणि सरकार हटवा म्हटलं की पोटात दुखतं. नक्की म्हणायचंय काय तुम्हाला? सिद्धिविनायकाचं विसरलात वाटतं सोयीने. 2020 ला न्यासाने 10 कोटी सरकारला दिले, त्यातले 5 कोटी शिवभोजन थाळीला. अध्यक्ष सेनेचे, योजना सेनेची, पैसा गणपतीचा. हायकोर्टात जावं लागलं लोकांना. हे फक्त हिंदूंच्याच देवळात चालतं. मशिदीचा, चर्चचा एक रुपया उचलून दाखवा म्हणावं कालव्याला.

वाळकीकर
वक्फ बोर्ड पण सरकारच नेमतं, 1995 चा कायदा वाचा. आणि चर्चचं म्हणाल तर तिथे सरकार नाही, पुजाऱ्यांचाच कारभार आहे, तरी 1982 ला इटलीतली बँको अँब्रोसियानो बुडाली तेव्हा व्हॅटिकनच्या बँकेचं नाव आलंच की. अँब्रोसियानोचा प्रमुख लंडनला पुलाखाली लटकलेला सापडला. परवा 2023 ला एका कार्डिनलला लंडनच्याच प्रॉपर्टीच्या व्यवहारात व्हॅटिकनच्या कोर्टाने साडेपाच वर्षं सुनावली. घ्या, हा तुमचा 'भक्तांचा ताबा'.

धर्मो_रक्षति
इटलीत पोचलात म्हणजे मुद्दे संपले.

चंद्रभागा
इटलीला कशाला जायचं, पंढरपूरला या. 1973 चा कायदा उगाच नाही झाला. त्याआधी नाडकर्णी आयोग बसला होता, देवापुढे बसायच्या हक्काचे लिलाव व्हायचे, ज्याने बोली लावली तो वारकऱ्याकडून वसूल करणार हे उघड होतं. कायदा झाला तरी प्रकरण कोर्टात चाळीस वर्षं चाललं, 2014 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने निकाल दिल्यावर कुठे सुटलं. ज्यांना 'सरकारमुक्त मंदिर' पाहिजे त्यांनी आपल्या आजीला विचारावं तेव्हा दर्शनाला काय काय द्यावं लागायचं. आणि तुळजापूर? सिंहासन पेटीचा लिलाव. ठेकेदार ठरलेली रक्कम भरणार आणि पेटीत येईल ते त्याचं. 1991 ते 2009 चं प्रकरण आणि गुन्हा नोंदवा म्हणून खंडपीठाने सांगितलं 2024 ला!!

धर्मो_रक्षति
ताई, तुळजापूरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे मंदिर समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो. सरकारच.

चंद्रभागा
बरं, तो एक मुद्दा तुमचा. लावा फ्रेम करून.

सीए_गोरेगाव
तुम्ही सगळे खर्चावर भांडताय, जमेची बाजू कुणी बघितलीच नाही. निनावी दान. नुसता धर्मादाय ट्रस्ट असेल तर निनावी दानावर 30 टक्के टॅक्स लागतो, धार्मिक असेल तर लागत नाही. इन्कम टॅक्सवाले म्हणत होते शिर्डी संस्थान धर्मादाय आहे कारण खर्च बघा, हॉस्पिटल आणि शाळांवर कितीतरी जास्त. ऑक्टोबर 2024 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की संस्थान धार्मिक पण आहे आणि धर्मादाय पण, टॅक्स नाही. निकाल मला पटतो, पेटीत दहा रुपये टाकणाऱ्या म्हातारीचं नाव-पत्ता कोण लिहून घेणार? पण पेटीत नोटांचं बंडल टाकणाऱ्याचं पण नाव नाही, हे पण त्यातच आलं. नोटाबंदीत देवळांच्या पेट्या कशा भरभरून वाहत होत्या सगळ्यांना आठवत असेल.

कोरडवाहू
एवढा वेळ गप बसलो होतो. वाळकीकर तुम्ही निळवंड्याचे 500 कोटी घोटाळ्याच्या यादीत घातले म्हणून लिहितोय. तुम्ही कधी तळेगाव दिघे भागात मे महिन्यात आलाय का? कालव्याची कल्पना 1970 ची. तेव्हा खर्च 8 कोटीच्या आत होता, पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2023 ला डाव्या कालव्यात पाणी सोडलं तोवर 5177 कोटी. माझ्या आज्याने कालव्याची आखणी बघितली, वडील वाट बघत गेले. 182 गावं आहेत, सहा तालुके नगरचे आणि वर सिन्नर. त्यातली किती गावं शिर्डीला पायी पालखी नेतात विचारा. बाबांनी पाण्याने दिवे लावले म्हणतात, त्यांच्या पैशाने आमच्या शेतात पाणी आलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं? पुण्यामुंबईच्या भक्ताला दुखतंय कारण त्याला सोन्याचा मुलामा दिसला पाहिजे.

वाळकीकर
भाऊ पाण्याला विरोध नाही. धरण बांधणं, कालवा काढणं हे सरकारचं काम आहे, त्यासाठी टॅक्स भरतो आपण. देवाकडून उसने आणायचे तर कागद दाखवा एवढंच.

कोरडवाहू
पन्नास वर्षं कागदच दाखवले आम्हाला.

नाथसागर
निळवंड्याचं नाव निघालंच आहे तर पैठणवरून दोन शब्द. वरती धरणं बांधायची, कालवे काढायचे, देवाचा पैसा लावायचा आणि खाली जायकवाडीत टिपूस येऊ द्यायचा नाही. 2005 चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा आहे तरी 2023 ला वरून 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा तुमचे नगर-नाशिकचे पुढारी कोर्टात पळाले. आणि गंमत बघा, त्या वेळी पक्षबिक्ष काही नाही, सगळे एक.

कोरडवाहू
आला मराठवाडा. तुमच्या उसाचं काय? जायकवाडीच्या लाभक्षेत्रात किती ऊस आहे ते बोला आधी.

नाथसागर
ऊस आणि नगरवाले आम्हाला शिकवणार?? राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना कुठे निघाला, प्रवरानगरलाच ना? भंडारदरा 1926 चं. शंभर वर्षं पाणी पिऊन झालं, आता निळवंडं पण तुम्हालाच आणि वर देवाचे 500 कोटी. आमच्या नाथांच्या पैठणला कुणी 50 लाख तरी दिले का?

अकोल्याची_ठकू
(अकोला नव्हे, अकोले. दर वेळी सांगावं लागतं.) तुम्ही दोघं भांडा खुशाल. भंडारदरा आमच्या तालुक्यात, निळवंडे आमच्या तालुक्यात, जमिनी बुडाल्या आमच्या, कालवा आमच्याच दारातून गेला. माझ्या सासरच्यांची घरासकट जमीन गेली, बदल्यात जी मिळाली तिच्यात कुसळं उगवत नाहीत. त्या 500 कोटींच्या ठरावात धरणग्रस्त शब्द कुणी उच्चारला होता का? कालव्याच्या श्रेयावरून विखे की थोरात हे मात्र रोज वाचतोय.

कोरडवाहू
ताई तुमचं खरं आहे. पण तुम्ही लोकांनी कामं अडवली म्हणून पण दहा वर्षं गेली, ते पण लिहा.

अकोल्याची_ठकू
अडवणारच! आधी पुनर्वसन मग धरण असं सांगितलं होतं. तुझी जमीन गेली असती म्हणजे कळलं असतं. अरेतुरे झालं, राहू दे तसंच.

धर्मो_रक्षति
धागा मंदिराचा आहे की पाटबंधारे खात्याचा?

नाथसागर
मंदिराचा पैसा पाटबंधारे खात्याला द्यायचं ठरलं म्हणून तर.

वैजू_बदलापूर
मला राजकारणातलं कळत नाही पण एक सांगते. वडिलांची बायपास शिर्डीला संस्थानच्या हॉस्पिटलमध्ये झाली. आम्हाला इकडे जो आकडा सांगितला होता त्याच्यापुढे तिथला खर्च काहीच नव्हता, पिवळं रेशन कार्ड होतं, ते चाललं. रात्री खाली अंगणात झोपलो तर प्रसादालयात जेवण. म्हणून तुम्ही जेव्हा 'खातात खातात' लिहिता तेव्हा वाईट वाटतं. खात असतील पण देतात पण.
दुसऱ्या एका देवस्थानात मात्र (नाव घेत नाही) आईने नेसवायला आणलेली साडी, पुजाऱ्याने पाठ फिरल्याबरोबर मागच्या दाराने बाहेर दिली. तासाभराने तीच बाहेरच्या दुकानात टांगलेली, कोपऱ्यावर हळदीचा डाग आमच्याच हाताचा. आईला मी दाखवलं नाही.

सीए_गोरेगाव
वैजूताई, हॉस्पिटल चालतं म्हणून तर हिशेब मागायचा. दोन हजार कोटींच्या वर ठेवी आहेत. त्या कोणत्या बँकेत ठेवायच्या हे ठरवणारा माणूस त्या बँकेसाठी किती मोठा होतो, याचा विचार करा. पैसा हलला नाही तरी वजन पडतं.

चंद्रभागा
आणि नोकरभरती. आणि पासेस. आमदाराच्या शिफारशीचं पत्र असलं की व्हीआयपी गेट, नसलं की पॉलिशवाले (दलाल हो) मागे लागतात, 'दर्शन करून देतो साहेब, हार-प्रसाद आमच्याकडून घ्या'. विश्वस्तपद लोक मागतात ते काय काकड आरतीला उठता यावं म्हणून?

धर्मो_रक्षति
मग मला सांगा, वाळकीकर, सरकार नको, भक्त पण नको. कोण पाहिजे? जिल्हा न्यायाधीश? 2022 नंतर तेच आहेत ना, तदर्थ समिती. प्रत्येक मोठ्या खर्चाला हायकोर्टाची परवानगी. भरती अडकते, मशीन खरेदी अडकते. न्यायाधीशांनी खटले चालवायचे की लाडवाच्या तुपाची टेंडरं बघायची?

वाळकीकर
हा प्रश्न बरोबर आहे, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. न्यायाधीश कायमचे नकोत, मी पण म्हणतो. मंडळ नेमा, सरकारने नेमलं तरी चालेल, पण आमदार, त्याचा भाऊ, कारखान्याचा संचालक यांना बंदी. कायद्यात तज्ज्ञ हवेत लिहिलंय, ते तज्ज्ञ कशातले हे बघा. आणि बैठकीचा प्रत्येक ठराव आठ दिवसात वेबसाइटवर, कुणी बाजूने कुणी विरोधात नावासकट. दर्शनाचं बुकिंग ऑनलाइन होतं, देणगी ऑनलाइन घेता, ठरावाची पीडीएफ टाकायला काय त्रास आहे?

धर्मो_रक्षति
आमदाराला बंदी घालणारा कायदा आमदार करणार. झोपा आता.

वाळकीकर
हे मात्र खरंय, काय बोलणार.

कोरडवाहू
पीडीएफ टाकाल तेव्हा टाका. मुख्य कालव्यात पाणी आलं, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या पोटचाऱ्या अजून निम्म्या झालेल्या नाहीत. आमच्या वस्तीपासून कालवा नजरेत दिसतो, पाणी घ्यायचं तर पाइप टाकून मोटार लावायला लागते आणि वर त्याला चोरी म्हणतात. त्या चाऱ्यांना कुठलं संस्थान पैसे देतंय का बघा कुणी. शिंगणापूर चालेल, सिद्धिविनायक चालेल.

नाथसागर
चाऱ्या झाल्या की आमचं उरलंसुरलं पण गेलं. 8.6 चा हिशोब कोण देणार ते बोला आधी.

अकोल्याची_ठकू
आणि जमिनीचा.