बिबट्याचा भोंगा आणि रात्रीची लाईट

कुकडीकाठ (धागाकर्ता)
काल इथे एकाने लिहिलं की एआयमुळे जुन्नरचा बिबट्याचा प्रश्न आता मिटलाच. खांबावर कॅमेरा, कॅमेरा बिबट्या ओळखणार, भोंगा वाजणार, मोबाईलवर मेसेज येणार. माणूसही वाचेल आणि बिबट्याही. खाली सगळ्यांनी वाहवा केली. ते वाचून राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमच्या गावात असा खांब आहे, वेशीवर, देवळापाशी. माझं रान तिथून दीड किलोमीटर. गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला दारं धरत होतो. हातात फावडं, त्यामुळे बॅटरी दातात. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. सरीत पाणी पुढे सरकायला लागलं की पाचट चुरचुरतं आणि मग दुसरा कसलाच आवाज कळत नाही. उसात बसलेलं जनावर त्या कॅमेऱ्याला दिसत नाही. ते रस्त्यावर आलं तरच दिसतं.

आणि मेसेज कुणाला जातो? गावच्या ग्रुपवर. फडाच्या कडेला बीडच्या तोडकऱ्यांच्या कोप्या आहेत, दाराच्या जागी साडी टांगलेली. त्या ग्रुपात त्यांच्यातलं एकही माणूस नाही. 2025 च्या दिवाळीनंतर पिंपरखेडच्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. कुत्र्याला घालतात तसले. ही वेळ का आली ते बोला. पाण्याच्या पंपाला दिवसा लाईट द्या, निम्मा धोका तिथेच कमी होतो. खांब नंतर.

रानवाट
तळमळ कळली, पण तंत्रज्ञानावर सरसकट राग काढू नका. 2001 पासून जुन्नरमध्ये ‘बिबट्या धरा आणि लांब नेऊन सोडा’ हेच चाललं होतं. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले, तेव्हा कळलं की आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते 17 वर गेले. जिथे नेऊन सोडले त्या भागातही हल्ले झाले. पुढे 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या बिबट्याला जीपीएस पट्टा लावून माळशेजला सोडलं. ‘आजोबा’ म्हणायचे त्याला. महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. पट्टा नसता तर हे कुणाला कळलं असतं? प्रत्येक हल्ल्यानंतर ‘पिंजरा लावा, उचला, लांब सोडा’ म्हणणाऱ्या गावाला काय उत्तर दिलं असतं आपण?

तोडणीत बछडे सापडले की काय करतात तेही पाहा. मी एकदा रात्रभर थांबलो होतो. सापडले त्याच जागी बछडे क्रेटमध्ये ठेवले आणि बांधावर कॅमेरा लावून सगळे लांब गेले. पहाटे चारच्या सुमाराला मादी आली. दहा-एक मिनिटं नुसती उभी राहिली, मग मानेला धरून एकेक उचलून नेलं. बछडे परत मिळाले नाहीत तर मादी तिथेच चवताळून फिरते. त्या कॅमेऱ्याने तोडकऱ्यांचाच जीव वाचतो.

शहरातला_मी
मूळ रोग ऊस आहे, त्यावर कुणी बोलत नाही. धरणं झाली, बारमाही ऊस आला, बिबट्याला घर मिळालं. पीक बदला.

कुकडीकाठ
पीक बदला म्हणणं सोपं आहे. मागच्या वर्षी कांदा केला होता, काढणीची मजुरी खिशातून भरली. उसाला निदान भाव ठरलेला असतो. तुम्ही चहात साखर घालता की नाही?

शहरातला_मी
वैयक्तिक होऊ नका. एकरी पाणी किती लागतं ते सांगा आधी.

बांधावरून
पाण्यावर नका जाऊ, लाईटवर बोला. आमच्या फिडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात थ्री फेज आली की पळायचं. दहा मिनिटांत डीपीवरचा फ्यूज उडतो, तो बसवायला परत अंधारातच. माझ्या चुलत्यांना डीपीपाशी फुरसं चावलं. बिबट्याचं पेपरात येतं, सापाचं येत नाही.

पंपवाला
सौर पंप घ्या ना! माझ्याकडे दोन वर्षं आहे. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी पाचला घरी. रात्रीचं रान विसरलोय.

बांधावरून
तुमची विहीर किती खोल? आमची बोअर साडेतीनशे फूट. ढग आले की पाणी करंगळीएवढं. जूनमध्ये ऊस वाळवायचा का?

पंपवाला
मग फिडरच सौर करा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे. पॅनलसाठी गावाने गायरान द्यायला हवं.

बांधावरून
गायरान द्यायला सांगणाऱ्याने आधी तिथे कुणाच्या शेळ्या चरतात ते बघावं. आमच्याकडे तिथे ठाकरवाडीची गुरं जातात. म्हणजे आमची लाईट त्यांच्या चाऱ्यावर. हा कुठला न्याय?

पंपवाला
मग काहीच करू नका. बसा रात्री भरत.

खांब_बसवणारा
अशा खांबांच्या कामावर होतो म्हणून बोलतो. वेशीवर खांब का, तर तिथे कायमची लाईट आहे, नेटवर्क आहे आणि चोरीला जात नाही. फडात कुठे उभा करू? ऊस तुटला की पुढच्या महिन्यात मोकळं रान. आम्ही रात्रंदिवस राबलो. शेळी, कुत्रा आणि बिबट्या यांतला फरक ओळखायला कॅमेऱ्याला किती शिकवावं लागतं ते माहीत आहे का? सुरुवातीला कुत्र्यालाही भोंगा वाजायचा आणि लोक शिव्या घालायचे. एवढं करून ‘खांब नंतर’ ऐकलं की मनाला लागतं.

कोयत्याची_लेक
मी बीडची. आई-वडील कोयत्यावर, मी बारावीपर्यंत दर दिवाळीनंतर कोपीत. आई पहाटे चारला फडात जायची, तेव्हा धाकट्याला मोळ्यांच्या आडोशाला झोळीत ठेवायची आणि माझ्या हातात ताट-चमचा द्यायची. वाजवत बस म्हणायची. मी आठ वर्षांची. झोप लागली की ताट पडायचं, त्या आवाजाने आई ओरडायची. आमचा भोंगा तो होता.

कुकडीकाठ, तुम्ही कोप्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. पण त्या कोप्या तुमच्याच बांधावर आहेत. ग्रुपात त्यांना कुणी घ्यायचं होतं? वनखात्याने? तुमच्या वस्तीवरून एक वायर ओढून दिवा लावायला किती खर्च येतो? बिबट्याने माणूस मारला तर 25 लाख मिळतात हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या टोळीत एकालाही माहीत नव्हतं. मुकादमाने सांगितलं नाही आणि शेतमालकानेही.

रानवाट
हे वाचून गप्प बसावंसं वाटतंय. एवढंच म्हणतो की बिबट्याला कोपी आणि बंगला यांतला फरक कळत नाही. त्याला उघडं दार कळतं.

शहरातला_मी
पुन्हा सांगतो, ऊसच नसता तर...

बांधावरून
अहो थांबा आता.

कुकडीकाठ
ताई, तुमचं लागलं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले. वायर ओढली, सहा कोप्यांत दिवे लागले. मुकादम नको म्हणत होता, बिल कोण भरणार म्हणून. ते मी भरतो. चार नंबर घेतले, दोन ग्रुपात टाकले, उरलेले दोन साधे फोन आहेत, त्यांना मेसेज येणार नाही.

खांबवाल्या भावाला सांगतो, ‘खांब नंतर’ हे मागे घेतो. पण चाकांवरचा खांब करता येईल का? बॅटरीवर चालणारा. टोळी फड बदलेल तसा बैलगाडीच्या मागे बांधून नेता येईल असा. आणि साध्या फोनवर मेसेज नको, फोनची रिंग वाजली पाहिजे.

खांब_बसवणारा
रिंगचं जमेल, अवघड नाही. चाकांचं वजनावर आहे, पॅनल आणि बॅटरी धरून दीडशे किलोच्या आत बसवावं लागेल. कोप्यांपाशी नेटवर्क किती कांड्या दाखवतं? रात्री बघून कळवा.

कुकडीकाठ
आज बघतो. आमचा रात्रीचा आठवडा आहे, दहाला लाईट येते.

बांधावरून
आमचा पण. एकटे जाऊ नका.