पीसीआर लॅबसाठी टेक्निशियन तयार करताना सुरुवात कुठून करायची? आणि ‘तयार झाला’ कधी म्हणायचं?

गंगापूररोड_पॅथ

नाशिकमधली आमची मध्यम आकाराची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिअल-टाइम पीसीआरचं (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत त्या मोजणारं) मशीन बसलंय, तीन वेगळ्या खोल्याही केल्या आहेत. चार टेक्निशियन या कामावर घ्यायचे आहेत. सगळे डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा), हेमॅटोलॉजी-बायोकेमिस्ट्रीत हात पक्का, पण मॉलिक्युलरला नवे. किट कंपनीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यात सॉफ्टवेअरचे पडदे दाखवण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आधी हेपॅटायटिस बी आणि सी चा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), मग वर्षभरात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या टिश्यूवर) ईजीएफआर जीनच्या म्यूटेशनची तपासणी, असा बेत आहे. सध्या फक्त सरावाचे रन चालू आहेत, रुग्णांचे रिपोर्ट देत नाही. अडचणी दोन. एकाच सॅम्पलच्या दोन वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) १ ते १.५ सीटीचा (सिग्नल कितव्या सायकलला उठतो त्या आकड्याचा) फरक येतो. आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे सॅम्पलऐवजी पाणी घातलेल्या वेलमध्ये, अधूनमधून ३६-३७ ला सिग्नल उठतो.

ट्रेनिंगचा क्रम काय ठेवावा? पास-नापास कशावर ठरवावं? सोप्या जेल-पीसीआरपासून (पीसीआरनंतर तुकडे जेलवर पट्ट्यांच्या रूपात बघायचे) सुरुवात केली तर पाया पक्का होईल का?

मायक्रोलिटर

पहिला आठवडा मशीन झाकून ठेवा आणि फक्त पिपेट हातात द्या. बायोकेमिस्ट्रीत ॲनलायझर स्वतः सॅम्पल ओढतो, त्यामुळे चांगल्या टेक्निशियनलाही ५-१० मायक्रोलिटरची सवय नसते.

वजनाने सुरू करा. वजनकाट्यावर छोटी ट्यूब ठेवून १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडायचं आणि दर वेळी वजन लिहायचं. २५ अंशांना १०० मायक्रोलिटर पाणी ९९.७ मिलिग्रॅम भरतं. सरासरी ९९ ते १०१ च्या आत आणि सीव्ही (सरासरीच्या तुलनेत आकड्यांचं विखुरलेपण) १ टक्क्याखाली येईपर्यंत पुढे जायचं नाही. काटा ०.१ मिलिग्रॅमचा असेल तर १० मायक्रोलिटर त्यावर तपासू नका. तिथे काट्याची एक पायरीच १ टक्का होते, म्हणजे माणसाचा दोष की काट्याचा हे कळत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते, पाणी तोलता तोलता उडतं. म्हणून हे काम सकाळी, पंखा बंद करून करा.

हात कुठे चुकतो ते बघत राहा. टिप द्रवात २-३ मिलिमीटरच बुडवायची. खोल बुडवली की बाहेरून चिकटलेला थेंब सोबत येतो. ओढताना पिपेट उभं, सोडताना टिप ट्यूबच्या भिंतीला टेकलेली. नवी टिप लावली की त्याच द्रवाने एकदा ओलावून घ्यायची. मास्टरमिक्समध्ये (पीसीआरच्या रसायनांच्या मिश्रणात) ग्लिसरॉल असतं, ते दाट असतं, म्हणून अंगठा सावकाश सोडायचा आणि ओढून झाल्यावर एक सेकंद थांबायचं. घाईने ओढलं तर टिपेत हवा शिरते, वेलमध्ये बुडबुडा जातो, आणि तो ९५ अंशांना फुटला की कर्व्ह मध्येच उडी मारतो.

आता तुमच्या १.५ सीटीबद्दल. एक सायकल म्हणजे दुप्पट. हात १० टक्के चुकला तर सीटी जेमतेम ०.१४ ने हलतो. दीड सायकल म्हणजे २.८ पट. एवढी गफलत नुसता हात थरथरल्याने होत नाही. बहुधा मास्टरमिक्स वितळल्यावर नीट मिसळलं गेलं नाही (जड भाग तळाला बसतो), किंवा एल्युएट (सॅम्पलमधून काढलेल्या डीएनए-आरएनएचा द्रव) व्हर्टेक्स न करता, म्हणजे यंत्रावर न घुसळता, वरवर उचललं, किंवा एका वेलमध्ये थेंब भिंतीवरच राहिला आणि प्लेट स्पिन केली नाही. यातलं नेमकं काय ते शोधा. एकाच ट्यूबमधून आठ वेल भरा. २५ सीटीच्या आसपासच्या सॅम्पलला आठही वेलचं एसडी (प्रमाणित विचलन) ०.२ च्या आत यायला हवं. मात्र ३५ च्या पुढे ही अट लावू नका. तिथे वेलमध्ये मोजकेच रेणू पडतात आणि फरक नैसर्गिकच असतो.

हा फरक किरकोळ समजू नका. १.५ सीटी म्हणजे सुमारे ०.४५ लॉग (दहापट म्हणजे १ लॉग). व्हायरल लोडमध्ये डॉक्टर साधारण ०.५ लॉगपेक्षा मोठा बदल खरा धरतात. म्हणजे औषध लागू पडतंय की नाही हे सांगायची जागा तुमची पिपेटच खाऊन टाकेल.

यानंतर दहापटीच्या पाच पायऱ्या. १० मायक्रोलिटर सॅम्पल, ९० मायक्रोलिटर बफर, प्रत्येक पायरीला नवी टिप, व्हर्टेक्स, छोटा स्पिन. स्टँडर्ड कर्व्हचा (प्रमाणाच्या लॉगसमोर सीटी मांडलेल्या रेषेचा) उतार उणे ३.३२ च्या जवळ हवा. उणे ३.१ ते ३.६ चालतो. ही रेषा टेक्निशियनला वाचायला शिकवा. सगळ्याच पायऱ्या थोड्या थोड्या आखडल्या असतील तर टिप बदलली गेली नाही. फक्त गाढ टोकाला अंतर कमी असेल तर इनहिबिटर (पीसीआर अडवणारा पदार्थ) आहे. पातळ टोकच सपाट झालं असेल तर दूषण. एका आलेखातून तीन वेगळे दोष ओळखता आले की समजा, माणूस बटणं दाबत नाही, विचार करतो आहे.

एकदिशा

वरच्या उत्तरातलं सगळं मान्य. मी निगेटिव्ह कंट्रोलबद्दल लिहितो.

३६-३७ चा सिग्नल दिसला की आधी कर्व्हचा आकार बघा. बेसलाइन (सुरुवातीची पार्श्वभूमीची पातळी) वजा न करता कच्चं फ्लुरोसन्स उघडा. खरा सिग्नल एस आकारात वर चढतो. नुसती तिरकी सरकणारी रेषा थ्रेशोल्डला (सिग्नल धरायच्या मर्यादेला) टेकली असेल तर ते दूषण नाही, बेसलाइन चुकीची लागली आहे.

एस आकार असेल तर एकाऐवजी तीन कंट्रोल लावा. पहिला मास्टरमिक्सच्या खोलीतच पाणी घालून तिथेच झाकण लावलेला. दुसरा सॅम्पल घालायच्या खोलीत पाणी घातलेला. तिसरा एक्स्ट्रॅक्शनपासून (सॅम्पलमधून डीएनए-आरएनए काढण्यापासून) सुरू केलेला, म्हणजे सॅम्पलऐवजी पाणी. पहिलाच उठला तर रिएजंट किंवा ती खोली बाधित. दुसऱ्यापासून उठला तर टेम्प्लेट (काढलेला डीएनए-आरएनए) घालतानाचा हात किंवा पिपेट. फक्त तिसरा उठला तर दोष एक्स्ट्रॅक्शनमध्ये. हे न करता सगळं किट फेकून नवं मागवलं तर पैसे जातात आणि कारण तिथेच राहतं.

तीन खोल्या असून उपयोग नाही, माणूस उलटा फिरला तर. मास्टरमिक्स, एक्स्ट्रॅक्शन, मशीन, दिशा एकच. प्रत्येक खोलीचा ॲप्रन वेगळ्या रंगाचा, पिपेट, रॅक, मार्कर, पेनसुद्धा तिथलंच. मशीनच्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मास्टरमिक्सच्या खोलीत येणार नाही. रजिस्टर आणि मोबाइल हे दोन सगळ्यात जास्त विसरले जातात, दोन्ही खोली ओलांडतात. रन संपल्यावर प्लेट उघडायची नाही. पिशवीत सील करून थेट बाहेर. ती ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. झाकण निघालं की त्या वाफेबरोबर अब्जावधी ॲम्प्लिकॉन (पीसीआरने बनवलेल्या प्रती) खोलीभर जातात.

सफाईला बाजारातलं ४-५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट दहापट पातळ करून, रोज ताजं. १० मिनिटं ओलं राहू द्या, मग पाण्याने आणि शेवटी ७० टक्के अल्कोहोलने पुसा. नुसतं अल्कोहोल डीएनए मोडत नाही, हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगा. यूव्ही दिव्यावर विसंबू नका. सावलीत तो पोहोचत नाही आणि छोट्या तुकड्यांवर त्याचा परिणाम कमी. किटमध्ये यूएनजी एन्झाइम असेल तर जुने ॲम्प्लिकॉन कापले जातात, कारण त्यांत डीएनएच्या टी अक्षराच्या जागी यू असतो. पण पॉझिटिव्ह कंट्रोलचं प्लास्मिड (तपासायचा तुकडा बसवलेला गोल डीएनए) सांडलं असेल तर यूएनजी त्याला हातही लावत नाही. नव्या लॅबमध्ये बऱ्याचदा गुन्हेगार हेच प्लास्मिड असतं. पॉझिटिव्ह कंट्रोल नेहमी सगळ्यात शेवटी घाला.

एक अगदी महत्त्वाचं. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रवात) ग्वानिडिन हे रसायन असतं. ते सांडलं तर त्यावर हायपोक्लोराइट ओतायचं नाही, विषारी वायू निघतो. आधी टिपून घ्या, भरपूर पाण्याने पुसा. हे वाक्य मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

एमएलटी_शिकवतो

जेल-पीसीआरने पाया पक्का होतो असं माझं मत आहे. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण भागात सिकल सेलचं काम आहेच, त्यामुळे विषय ओळखीचा. बीटा ग्लोबिन जीनमध्ये जीएजी चं जीटीजी होतं आणि त्या एका अक्षराने डीडीई-वन एन्झाइमची कापायची जागा नाहीशी होते. निरोगी डीएनए कापला जातो, सिकलचा त्या जागी कापला जात नाही, वाहकात दोन्ही पट्ट्या दिसतात. मुलांना म्यूटेशन डोळ्यांनी दिसतं. प्रायमर, तापमान, तुकड्याची लांबी, सगळं एका जेलवर समजतं. शिल्लक ईडीटीए रक्त ओळख पुसून वापरा, मात्र लॅबच्या एथिक्स धोरणात त्याची नोंद हवी.

एकदिशा

शिकवायला उत्तम, पण या लॅबच्या छताखाली नको. जेलसाठी ट्यूब उघडावी लागते, आणि इतका वेळ आपण जे टाळायला सांगतोय तेच होतं. त्यात बीटा ग्लोबिन. एचपीव्ही विषाणूच्या काही किटमध्ये इंटर्नल कंट्रोल (सॅम्पल आणि रन ठीक असल्याची खूण) म्हणून हाच जीन असतो. त्याच भागाचे ॲम्प्लिकॉन हवेत असतील तर पेशीच नसलेलं सॅम्पलही ‘कंट्रोल पास, एचपीव्ही निगेटिव्ह’ दाखवेल. हा दोष लवकर सापडतही नाही, कारण सगळं व्यवस्थितच दिसतं. कॉलेजच्या लॅबमध्ये दोन दिवस जेल करून घ्या. तिथून त्याच कपड्यांत लॅबमध्ये येऊ नका.

एमएलटी_शिकवतो

बरोबर, हे पटलं. जेल कॉलेजमध्येच.

ब्लॉक_आणि_स्लाइड

ईजीएफआरसाठी ट्रेनिंग पीसीआरच्या खोलीत सुरू होत नाही, ग्रॉसिंगच्या (टिश्यू बघून कापायच्या) टेबलावर सुरू होतं. तुमच्याकडे मालेगाव, सिन्नर, निफाडहून ब्लॉक येतील. काही ठिकाणी फॉर्मलिन नुसतं नळाच्या पाण्यात पातळ करतात. बफर नसेल तर त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि डीएनएचे तुकडे पडतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, टिश्यूच्या दहापट, ६ ते ७२ तास. पाठवणाऱ्या डॉक्टरांना हे एका पानावर लिहून द्या. हाडाचा तुकडा असेल तर ॲसिडने डिकॅल्सिफाय करू नका (कॅल्शियम काढू नका), ईडीटीए वापरा.

मायक्रोटोमवर (ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक ब्लॉकला नवं ब्लेड किंवा ब्लेडचा न वापरलेला भाग. पहिले दोन-तीन सेक्शन टाकून द्या. डीएनएसाठीची रिबन वॉटर बाथमध्ये सोडू नका, आधीच्या ब्लॉकचे तुकडे तिथे तरंगत असतात. चिमट्याने थेट ट्यूबमध्ये.

ट्यूमर किती टक्के आहे हे पॅथॉलॉजिस्टने एच-ई रंग दिलेल्या स्लाइडवर खुणा करून ठरवायचं, टेक्निशियनने त्या खुणेपुरतंच खरवडायचं. हिशेब समजावून सांगा. ट्यूमर २० टक्के आणि म्यूटेशन दोनपैकी एका प्रतीत, तर म्यूटंट डीएनए फक्त १० टक्के. सँगर सिक्वेन्सिंगला साधारण १५-२० टक्के लागतात, तिथे हे सुटेल. फॉर्मलिनने सी चा टी झाल्यासारखं खोटं म्यूटेशनही दिसतं, विशेषतः डीएनए कमी असताना.

एक्स्ट्रॅक्शनमध्ये प्रोटिनेज के एन्झाइम ५६ अंशांना, मग ९० अंशांना एक तास. ही ९० अंशांची पायरी वेळ वाचवायला कापली जाते, पण फॉर्मलिनने घातलेल्या गाठी तिथेच सुटतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं (शुद्धतेचं) गुणोत्तर १.८ आलं म्हणून खूश होऊ नका. तुटका डीएनएही तेवढाच शोषतो. किटचा कंट्रोल जीन किती सीटीला उठतो त्यावर सॅम्पल घ्यायचं की नाही ते ठरवा.

क्वालिटी_सातपूर

पास-नापासबद्दल. आयएसओ १५१८९:२०२२ ला (वैद्यकीय लॅबच्या गुणवत्तेच्या मानकाला) कामाची क्षमता तपासून तिची नोंद ठेवलेली लागते. हजेरीचं सर्टिफिकेट त्यात मोजलं जात नाही. २० ट्यूबचं आंधळं (उत्तरं लपवलेलं) पॅनेल बनवा: ८ निगेटिव्ह, ६ मंद पॉझिटिव्ह (किटला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाच्या सुमारे तिप्पट), ४ मध्यम, आणि २ मध्ये तयार एल्युएटमध्ये हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं, पीसीआर अडवणारं) घाला म्हणजे इंटर्नल कंट्रोल पडेल. मध्यम पॉझिटिव्हच्या शेजारी निगेटिव्ह मुद्दाम ठेवा.

शेवटच्या दोन ट्यूब माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाच्या. तिथे ‘निगेटिव्ह’ लिहिणारा टेक्निशियन रिपोर्टला बसू शकत नाही, बाकी १८ बरोबर असले तरी. बरोबर उत्तर ‘अवैध, पुन्हा एक्स्ट्रॅक्शन, सॅम्पलची ट्यूब तपासा’ असं आहे. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब तिथल्या तिथे नाकारता आली पाहिजे. पॅनेल चारही जणांना वेगवेगळ्या क्रमाने द्या. दीर्घ रजेवरून परतलेल्याला लहान पॅनेल पुन्हा.

शिवाय वीज. मशीनला आणि उणे २० च्या फ्रीजरला यूपीएस द्या, आणि वीज गेली तर रन चालू ठेवायचा की रद्द करायचा याचा लेखी नियम करा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर एन्झाइमला चालत नाही. मुंबईहून किट आलं की तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख बघूनच सही करायची, आणि प्रोब (सिग्नल देणारा फ्लुरोसन्ट तुकडा) काळ्या ट्यूबमध्ये, छोट्या भागांत वाटून ठेवायचा.

गंगापूररोड_पॅथ

सगळ्यांचे आभार. तीन कंट्रोल आजच लावतो. एक राहिलं: एक्स्ट्रॅक्शन कॉलमच्या पत्रकात स्पिन ‘जी’ मध्ये (गुरुत्वबलाच्या पटीत) आहे, आमच्या सेंट्रिफ्यूजवर फक्त आरपीएम. मुलं ८००० जी ला ८००० आरपीएम लावतात. चालेल?

मायक्रोलिटर

नाही चालणार. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये मोजा. जी = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या ८ असेल तर ८००० आरपीएमला ५७२० जी च मिळतात. ८००० जी साठी सुमारे ९४६० आरपीएम लागतील. कमी फिरलं की वॉशमधला इथेनॉल मेंब्रेनवर राहतो, तो एल्युएटमध्ये उतरतो आणि पीसीआर अडतं. सीटी फरकाचं एक कारण हेही असू शकतं. शेवटच्या वॉशनंतर रिकामी ट्यूब लावून दोन मिनिटं कोरडा स्पिन द्या. आणि वॉश बफरच्या बाटलीवर इथेनॉल घातल्याची तारीख-सही आहे का तेही बघा. बिनइथेनॉलच्या बाटलीने अख्खी बॅच धुतली जाते आणि डीएनए कचऱ्यात जातो.